कळलावी पहिल्या वर्षी फुलली, दुसऱ्या वर्षी उगवलीच नाही: बिघाड कुठे होतो?

तक्रार ठरलेली असते. जूनमध्ये नर्सरीतून कंद आणला, जुलैत वेल सरसर चढली, ऑगस्टमध्ये ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं आली, दिवाळीच्या सुमाराला वेल वाळली. पुढचा जून आला, पाऊस झाला, कुंडीत गवत उगवलं, पण कळलावीचा पत्ता नाही. माती उकरली तर कंदाच्या जागी तपकिरी लगदा निघतो, नाहीतर नुसती पोकळ साल हाती येते. मग नवा कंद विकत आणायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

पावसाळ्यातली देखभाल बहुतेकांची बरोबरच असते. बिघाड होतो तो नोव्हेंबर ते मे या महिन्यांत, कुंडीत वर काहीच दिसत नसताना. शेजारच्या झाडांना पाणी घालताना या कुंडीतही ओंजळभर पडतं, आणि जुलैतली रिकामी कुंडी ही डिसेंबरातल्या त्या पाण्यामुळे असते. म्हणून आधी कंदाचं बोलू, पानाफुलांचं नंतर.

कंद हातात घेऊन बघा

कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) ही आपल्याच मातीतली वेल. कोकणातल्या कुंपणांवर, सह्याद्रीच्या उतारांवर, देशावरच्या झुडपी रानात ती आपोआप उगवते. अग्निशिखा, खड्यानाग, वाघनखी ही तिचीच नावं. जमिनीवरची वेल दरवर्षी मरते, वर्षानुवर्षं जगतो तो खालचा कंद. हातमोजे घालूनच तो हातात घ्या. बोटाएवढा जाड, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दुफाटी, वरून तपकिरी आणि आतून पांढरा. संस्कृतात हिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर, आणि कंद पाहिला की हे नाव का पडलं ते लगेच कळतं.

दोन गोष्टी नीट बघा, कारण अर्धे प्रश्न इथेच सुटतात. पहिली म्हणजे डोळा. बटाट्याला अंगभर डोळे असतात तसं इथे नाही. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो, आणि कोंब तिथूनच निघतो. खुरप्याने ते टोक तुटलं, पार्सलमध्ये मोडलं किंवा उंदराने कुरतडलं, तर उरलेला कंद कितीही टणक असला तरी त्या वर्षी तो बहुधा उगवत नाही. जोड मोडून दोन फाटे वेगळे झाले तर मात्र काही बिघडत नाही. दोन्ही टोकांना डोळे शाबूत असतील तर दोन वेली मिळतात.

दुसरी गोष्ट, जुना कंद दरवर्षी संपतो. पावसाळ्यात वेल वाढते ती त्याचा साठा खाऊन, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत खोडाच्या तळाशी नवा दुफाटी कंद तयार होतो. म्हणून हिवाळ्यात उकरलं की टणक नव्या कंदालाच एक सुरकुतलेली, पोकळ साल चिकटलेली दिसते. ही साल म्हणजे कूज नव्हे. अनेक जण ती बघून 'कंद सडला' म्हणतात आणि चांगला कंदही तिच्यासकट फेकून देतात. सालीला वास नसतो आणि ती कागदासारखी कोरडी असते. कूज ओली असते आणि तिला घाण वास येतो.

जुलै आला तरी कोंब नाही

ओल मिळाल्यापासून कोंब वर यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. तेवढं थांबूनही काही दिसलं नाही तर कुंडीच्या कडेने, हाताने, हळूहळू माती बाजूला करा. इथे खुरपं नको. कोंब मातीखाली इंचभरावर असू शकतो आणि खुरप्याचा एक फटका त्याचं वर्ष वाया घालवतो.

कंद टणक आहे, डोळा फुगलेला किंवा किंचित हिरवट दिसतोय, तर माती परत लोटा आणि वाट बघा. टणक आहे पण टोक तुटलंय, तर यंदाची आशा सोडा. वाटल्यास तसाच राहू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका.

मऊ पडलाय आणि वास येतोय, तर कूज आहे. पूर्ण लगदा झाला नसेल तर वाचवता येतो. डोळ्याकडचा भाग टणक असेल तर स्वच्छ सुरीने पांढरा गर लागेपर्यंत कापा, एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम मँकोझेब हे बुरशीनाशक मिसळून त्यात तो तुकडा १५-२० मिनिटं बुडवा, सावलीत दोन-तीन दिवस वाळवा आणि नव्या मातीत लावा. ती सुरी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

कुजलेल्या कंदाभोवती पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर प्रकरण वेगळं आहे. ही स्क्लेरोशियम बुरशी. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे त्या मातीत लावलेला पुढचा कंदही जातो. ती माती कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, दुसऱ्या कुंडीत भरू नका. टाकून द्यायची नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत ओली करून पातळ थरात पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा दाबून बंद करा आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापू द्या. त्याखेरीज ती माती परत वापरण्यात अर्थ नाही.

पाणी कधी तोडायचं

कळलावीची सर्वांत महत्त्वाची देखभाल हीच, आणि ती करायची म्हणजे काही न करणं शिकायचं. फुलं संपून पानं खालून पिवळी पडू लागली (बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरात) की पाणी निम्म्यावर आणा. निम्मी वेल पिवळी झाली की पूर्ण बंद करा. हिरवी असताना वेल कापू नका. पानांतला शेवटचा ऐवज त्या आठवड्यांत कंदात उतरत असतो, आणि वेल लवकर छाटली की पुढच्या वर्षी बारीक कंद, बारीक वेल आणि शून्य फुलं. खोड वाळून हलक्या ओढीने आपोआप सुटून आलं, म्हणजे कंद झोपला.

यानंतर दोन मार्ग आहेत. कुंडी हलवता येत असेल तर कंद आतच राहू द्या आणि कुंडी आडवी करून पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या आडोशाला ठेवा. आडवी अशासाठी की अवकाळी पावसाचं किंवा चुकून कुणी घातलेलं पाणी आत जात नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात गच्चीवर उघड्या उन्हात ठेवलेली काळी प्लास्टिकची कुंडी आतून भाजते. तिथे जिन्याखालची किंवा पूर्वेच्या भिंतीकडची जागा बरी.

दुसरा मार्ग म्हणजे कंद काढून ठेवणं. जमिनीत लावलेल्या कळलावीला ठिबकचं किंवा शेजारच्या जास्वंदीचं पाणी मिळत असेल, तर काढणं भागच आहे. खोडापासून एक फूट लांब खणायला सुरुवात करा, कारण फाटे आडवे पसरतात आणि डोळे टोकाला असतात. जवळून खणलं की नेमके डोळेच तुटतात. माती झाडा, धुऊ नका. सावलीत चार-पाच दिवस वाळवा आणि कोरड्या वाळूत, भाताच्या तुसात किंवा कोरड्या कोकोपीटमध्ये, एकमेकांना न टेकवता, कागदी खोक्यात ठेवा. प्लास्टिकच्या बंद डब्यात घाम धरतो. फ्रिज तर नकोच.

इथे थांबून एक गोष्ट गांभीर्याने वाचा. कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे विष असतं, कंदात आणि बियांत भरपूर. उकडल्याने, भाजल्याने ते जात नाही. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, कणगी, करांदे, रताळी आवडीने उकडून खातात, आणि मातीने माखलेला हा कंद त्यांच्यात सहज खपून जातो. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरात 'विषारी' लिहा आणि ते कांदे-बटाट्यांच्या जवळपास ठेवू नका. घरात रांगतं मूल किंवा माती उकरणारा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर हवी. कुणाच्या पोटात चुकून गेलाच तर लक्षणांची वाट बघत बसू नका. उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास लागतात आणि यावर सहज मिळणारा खास उतारा नाही. उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा. या कंदाचे घरगुती औषधी प्रयोगही करू नका. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी हा कंद वापरत, आणि कळलावी हे नाव त्यावरूनच आल्याचं सांगतात. घरात लावली की भांडणं होतात, कुणीतरी कळ लावतं, ही समजूत नुसत्या शब्दसाधर्म्यातून आली आहे. तेवढ्यासाठी लावायची थांबू नका.

परत लावताना

तारखेपेक्षा डोळ्याकडे बघा. मेच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा खोकं उघडा. डोळा फुगून टोकाला हिरवट-पांढरा ठिपका आला की लावायची वेळ झाली. सहसा हे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होतं, पण पाऊस दरवर्षी वेळापत्रक पाळतोच असं नाही. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच पोचला होता. ज्यांच्या कुंड्या तेव्हा उघड्यावर होत्या, त्यांचे झोपलेले कंद आठवडाभर चिंब मातीत राहिले.

कुंडी किमान १२ इंच खोल आणि तेवढीच रुंद हवी. माती दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. नुसती काळी माती कुंडीत घालू नका, ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की आवळते. जमिनीत काळी मातीच असेल तर फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा. खतात चमचाभर ट्रायकोडर्मा मिसळला तर कुजीला चांगला अटकाव होतो. मात्र मँकोझेबमध्ये बुडवलेल्या कंदाबरोबर लगेच तो घालू नका. बुरशीनाशक या उपयोगी बुरशीलाही मारतं, निदान पंधरा-वीस दिवस जाऊ द्या.

कंद आडवा, दोन ते तीन इंच खोल. डोळा कुंडीच्या कडेला टेकवू नका, टोकापुढे चार बोटं जागा सोडा. लावल्यावर एकदा पाणी घाला आणि कोंब दिसेपर्यंत माती फक्त दमट ठेवा. मुंबई-पुण्याच्या झाकलेल्या गॅलरीत पावसाचं पाणी पोचतच नाही, तिथे कोंब आल्यावर तुम्हालाच नियमित पाणी घालावं लागेल. बाहेर धो धो पडतंय म्हणून कुंडीलाही मिळालं असेल, असं गृहीत धरू नका.

कोंब आला आणि गायब झाला

रात्रीतून कोंब आडवा कापलेला दिसला आणि कुंडीच्या कडेला चकचकीत ओघळ असेल तर गोगलगाय किंवा शेंबी. राख किंवा चुना पसरण्याचा उपाय पावसात पहिल्या सरीबरोबर वाहून जातो. त्यापेक्षा रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बघा, चिमट्याने वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. कोंब चार इंचांचा होईपर्यंत तळ कापलेली पाण्याची बाटली त्यावर टोपीसारखी ठेवा, वरचं झाकण मात्र उघडं राहू द्या. एका डोळ्याला एकच कोंब असतो, त्यामुळे इतर वेलींसारखं 'शेंडा गेला तरी बाजूने फुटेल' हे इथे धरून चालत नाही.

वेल वाढते, पण फुलत नाही

यामागे बहुतेकदा तीनपैकी एक कारण असतं.

कंद लहान आहे. करंगळीएवढा कंद पहिल्या वर्षी पानंच देतो. बियांपासून केलेल्या रोपाला तर फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. तमिळनाडूत धारापुरम, मुलनूर, ओट्टनचत्रम या भागांत कळलावीची बियांसाठी शेती होते, आणि तिथेही लागवड बियांनी नाही, कंदांनीच करतात. चांगला फुलणारा कंद साधारण ५० ग्रॅमच्या आसपास असतो. विकत घेताना वजन आणि डोळ्याचा जवळून काढलेला फोटो मागा. डोंगरातून उकरून आणलेले कंद मात्र घेऊ नका. रानातली कळलावी त्या उकरण्यानेच कमी होत चालली आहे.

ऊन कमी पडतंय, हे दुसरं कारण. किमान चार-पाच तास थेट ऊन हवं. मुळाशी सावली असली तर उत्तम. रानात ती झुडपाच्या पायथ्याशी उगवते आणि फांद्यांतून वर डोकं काढून फुलते, घरीही तीच मांडणी करा.

तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे आधार. कळलावी देठाने किंवा खोडाने वेढे घेत नाही. पानाचं टोकच लांबून गुंडाळतं आणि तेच तिचा तणावा. वरची पानं निरखून बघा, टोक घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वळलेलं असतं. हे बारीक टोक जाड बांबूला, पाइपला किंवा ग्रिलच्या चौकोनी सळईला धरू शकत नाही. वेल घसरते, वाऱ्याने मोडते, आणि मोडलेल्या शेंड्यावर फूल येत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक आधार द्या: तुराट्या, पऱ्हाट्या, करवंदीच्या वाळक्या फांद्या किंवा नायलॉनची जाळी. खालच्या पानांना तणावे नसतातच, म्हणून पहिले दीड-दोन फूट सुती दोऱ्याने सैल बांधावं लागतं. आधार कंद लावतानाच रोवा. नंतर काठी खुपसली की ती नेमकी कंदात घुसते. वेल सहा ते आठ फूट जाते हे धरून उंची ठेवा.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्या. युरिया किंवा ताज्या शेणाच्या पाण्याने नुसता हिरवागार पसारा वाढतो. कोंब फूटभर झाल्यावर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश समान) लिटरला २ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, कळ्या दिसेपर्यंत. कळ्या आल्या की ते थांबवा. फुलं ओसरू लागल्यावर ०:०:५० हे पालाशयुक्त खत लिटरला २ ग्रॅम दोन वेळा दिलं की पुढच्या वर्षीचा कंद भरतो. रासायनिक नको असेल तर कळ्यांच्या वेळी मूठभर लाकडाची राख मातीत मिसळा. खारट पाणी असलेल्या भागात मात्र राख टाळा.

कोकणात गौरीच्या पूजेला ही फुलं लागतात. तेव्हा हवी असतील तर जूनच्या मध्यापर्यंत कंद मातीत गेला पाहिजे, कारण कोंब दिसल्यापासून फूल यायला दीड ते दोन महिने जातात.

पानं पिवळी

ऑक्टोबरात पिवळी पडली तर काही करू नका. जुलैत खालून पिवळी पडून खोड मातीलगत मऊ लागलं तर पाणी साचलंय. कुंडीचं भोक काडीने मोकळं करा आणि खालची बशी काढून टाका. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता, बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर हे नेहमी दिसतं. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. शक्य असेल तिथे पावसाचं पाणी साठवून तेच घाला.

पानांवर तपकिरी ठिपके, त्यांत एकात एक वर्तुळं, आणि टोकाकडून वाळत जाणं म्हणजे करपा. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालतो तेव्हा तो झपाट्याने पसरतो. डागाळलेली पानं काढा आणि मँकोझेब लिटरला अडीच ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा, पाऊस उघडलेला बघून फवारा.

सुकला नाही, कुजला नाही, तरी एका दिवसात वेल बोडकी

काळपट अंगावर पांढरे आणि लाल-नारिंगी ठिपके असलेल्या अळ्यांचा घोळका दिसेल. हिचं शास्त्रीय नावच पॉलिटेला ग्लोरिओसी, म्हणजे कळलावीची अळी. कळलावीचं विष हिला बाधत नाही. पानं संपली की ती कळ्या खाते, खोडाची सालही सोलते. जवळ स्पायडर लिली किंवा नागदवणा असेल तर तिकडूनही येते, म्हणून त्या कुंड्याही तपासा.

अंडी पानाच्या मागे पुंजक्याने असतात. ते पान काढून साबणाच्या पाण्यात बुडवणं हा सर्वांत स्वस्त आणि नेमका उपाय. जुलै-ऑगस्टमध्ये दर दोन दिवसांनी पानं उलटून बघायला पाच मिनिटं पुरतात. बारीक अळ्यांवर निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि त्यात दोन-तीन थेंब पातळ साबण चालतो. बोटभर झालेल्या अळीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ती चिमट्याने वेचावीच लागते, आणि तेही हातमोजे घालून, कारण तुटलेल्या पानांचा रस हाताला लागतो.

ही अळी कोष करते तो मातीत. म्हणून ज्या कुंडीत यंदा अळी आली होती, तिथला कंद जागेवर ठेवू नका. वेल वाळल्यावर काढा, वरची तीन-चार इंच माती चाळून कोष वेचा आणि ती माती उन्हात पसरा. कंद खोक्यात, माती उन्हात, आणि कुंडी मेपर्यंत पालथी.